समुद्र दारात येतो तेव्हा: कोकण किनाऱ्याची धूप, उधाण आणि बंधारे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत गेलात, तर आगोटीच्या दिवसांत एकच बोलणं कानावर येतं: यंदा पाणी कुठवर येणार? त्या बोलण्यात पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांमागची भूमिका आधीच सांगते. किनारा राखायचा तर पहिली वाळू राखली पाहिजे, दगडाची पाळी त्यानंतर येते. ज्याच्या पडवीत पाणी शिरलं आहे त्याला आधी दगड हवा असतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणूनच दगडाविषयी इथे सर्वांत जास्त लिहिलं आहे.

पावसाळ्यात वाळू जाते आणि दिवाळीनंतर परत येते. मग धूप म्हणायचं कशाला?

दर पावसाळ्यात जाऊन परत येणारी वाळू म्हणजे धूप नाही. जून ते ऑगस्टच्या लाटा उंच असतात आणि एकीवर एक येतात. त्या पुळणीवरची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरची, वाळू ओढून जरा आत समुद्रात नेतात आणि तिथे तिचा दांडा घालतात. हा दांडा मागून येणाऱ्या लाटांना लांबच फोडतो, म्हणजे किनारा आपल्याच वाळूने आपलं रक्षण करतो. वारं निवळलं की संथ लाटा तीच वाळू थोडी थोडी करून परत आणतात आणि होळीपर्यंत पुळण भरते.

हा हिशेब वर्षानुवर्षं तुटीत जाऊ लागला, की ती धूप. ओळखायची खूण सोपी आहे. यंदाच्या मार्चमधला किनारा गेल्या पाच-सात वर्षांतल्या मार्चशी ताडून बघा, तोही भरती सारखीच असताना. जून आणि मार्चची तुलना करून निष्कर्ष काढू नका. माडांची पुढची ओळ मुळं उघडी पडून आडवी होत असेल, तर मात्र मोजायचीही गरज उरत नाही.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला देशाचा किनारा उपग्रहाच्या चित्रांवरून तपासला. देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा कमीअधिक झिजतो आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण २५ टक्के आहे, गोव्यात १९, केरळात ४६, तर पश्चिम बंगालमध्ये ६० टक्के. आपला बराचसा किनारा कातळाचा असल्यामुळे आकडा कमी दिसतो. पण वस्ती असते ती दोन कातळांमधल्या पुळणीवर, आणि झीजही तिथेच होते.

आजोबांच्या वेळी किनारा जागच्या जागी होता. आताच काय झालं?

किनाऱ्याकडे वाळूचं खातं म्हणून बघा. जमेची बाजू म्हणजे नद्यांनी आणलेली वाळू. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आपल्या नद्या लहान आहेत, त्यांची वाळूही थोडी, आणि तीही आता धरणांमागे अडते. खाडीत पोचलेली वाळू उपसली जाते. हातपाटीने काढलेली वाळू आणि सक्शन पंपाने काढलेली वाळू यांत फार मोठा फरक आहे. खाडीच्या मुखातून रात्रीत उचललेला ढीग म्हणजे शेजारच्या वाडीच्या पुळणीची पुढच्या वर्षीची जमा असते.

दुसरं कारण म्हणजे किनाऱ्याला आडवं केलेलं बांधकाम. जेटी असो की लाटरोधक भिंत, ती किनाऱ्यालगत सरकणारी वाळू अडवते. एका बाजूला पुळण फुगते आणि दुसऱ्या बाजूला खचते. तिसरं कारण आपण स्वतः आहोत. पुळणीमागचे वाळूचे उंचवटे सपाट करून आपण तिथे पार्किंग केलं, कंपाउंड घातलं, खोल्या बांधल्या. तो उंचवटा म्हणजे वादळात खर्च करण्यासाठी ठेवलेली शिल्लक होती.

भरीला समुद्रही पूर्वीसारखा राहिला नाही. अरबी समुद्रात २००१ ते २०१९ या काळात झालेली चक्रीवादळं त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा सुमारे ५२ टक्क्यांनी जास्त होती. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं. नंतर ओखी (२०१७), क्यार (२०१९), निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) ही नावं आता किनाऱ्यावरच्या पोरांनाही पाठ आहेत. यांतली कोकणात जमिनीवर चढली ती दोन, फयान मुंबई-अलिबागच्या मध्ये आणि निसर्ग रायगडात. पण क्यार आणि तौक्ते किनाऱ्यापासून दूरवरून गेली तरी सिंधुदुर्गात लाटांनी वस्तीत पाणी घातलं.

समुद्राची पातळी खरंच वाढते आहे का? आम्हाला तर जाणवत नाही.

वाढते आहे. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१५ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटर वाढ मोजली गेली. त्याआधीच्या शंभरेक वर्षांत हाच वेग वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटर होता. तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढंही नाही, म्हणून डोळ्याला दिसत नाही. पण सपाट वाळूचा किनारा पाणी जितकं चढतं त्याच्या साधारण पन्नास ते शंभरपट मागे सरकतो, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. दहा वर्षांत तीन सेंटीमीटर पाणी वाढलं, तर दीड ते तीन मीटर पुळण गेली. प्रत्येक किनाऱ्याला हा ठोकताळा लागू पडत नाही, कातळाला तर नाहीच. तरी माडांची एक ओळ कुठे गेली याचं उत्तर त्यात थोडंफार सापडतं.

देवबागचं नाव सारखं का येतं?

नकाशा बघितला की कळतं. मालवण तालुक्यातलं देवबाग म्हणजे पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्ली खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. काही ठिकाणी एका दारातून समुद्र दिसतो आणि मागल्या दारातून खाडी. दोन्ही बाजूंनी पाणी असल्यामुळे उधाणात समुद्राकडून मार बसतो आणि पावसाळ्यात खाडी फुगली की मागून. संगमाजवळचे वाळूचे दांडे सतत जागा बदलत असतात. पर्यटक ज्याला त्सुनामी बेट म्हणतात तोही असाच एक दांडा. वाळूच्या अशा जिभेचा स्वभावच हलता असतो. तिच्यावर कायमची वस्ती आहे, शाळा आहे, देवळं आहेत, चर्च आहे. म्हणून तिथला प्रश्न इतका अवघड होतो.

समुद्राच्या बाजूने टप्प्याटप्प्याने दगडी बंधारे झाले. जिथे बंधारा आहे तिथली घरं तूर्त बचावली. जिथे तो संपतो तिथून पुढच्या घरांना लाटा जास्त लागू लागल्या, असं तिथले लोक सांगतात आणि शास्त्रही तेच सांगतं.

आम्ही धूपप्रतिबंधक बंधारा मागावा की नाही?

आधी बंधारा काय राखतो ते नीट समजून घ्या. तो आपल्यामागची जमीन राखतो, समोरची पुळण राखत नाही. लाट उताराच्या वाळूवर चढते तेव्हा दमते आणि मुरते. तीच लाट भिंतीवर आपटली की जोराने मागे फिरते आणि जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळू घेऊन जाते. काही वर्षांत समोरची पुळण खोल होते, पायथ्याशी पाण्याची खोली वाढते, म्हणून आणखी मोठी लाट भिंतीपर्यंत पोचते. मग दगड खचतात आणि वरून पुन्हा दगड टाकावे लागतात. टोकाला लाट वळून शेजाऱ्याच्या जमिनीत घुसते. मग शेजारची वाडी बंधारा मागते, तिच्या पलीकडची वाडीही मागते, आणि बघता बघता सगळा किनारा दगडाचा होतो.

पुळण गेली की तिच्यावर जगणारी माणसं अडचणीत येतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं, ते ओढायला मोकळी वाळू लागते. दगडाच्या ढिगाऱ्यावरून रापण ओढता येत नाही आणि होडीही वर घेता येत नाही. सुकी मासळी वाळत घालणाऱ्या बायकांची जागा जाते. वेळासपासून वायंगणीपर्यंत ज्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात, तिथे मादीला भिंत ओलांडता येत नाही. आणि पर्यटनावर चार पैसे मिळवणाऱ्या वाडीने पुळणच घालवली, तर पाहुणे येणार कशाला? म्हणून बंधाऱ्याचा ठराव ग्रामसभेत घेताना रापणकर संघ आणि मासळीवाल्या बायका समोर बसलेल्या हव्यात.

हे सगळं कळूनही काही ठिकाणी बंधाऱ्याला पर्याय नसतो. पालघरच्या सातपाटीत किंवा रत्नागिरीच्या मिऱ्यात घरं पाण्याला अगदी लागून आहेत. मागे सरकायला जागा नाही आणि समोर वाळूही उरलेली नाही. अशा माणसाला पुळणीचं शास्त्र सांगत बसणं अन्यायाचं आहे. तिथे बंधारा घालावाच, पण नीट घालावा. गाड्या आणून दगड ओतला म्हणजे बंधारा झाला असं नाही. पाया वाळूच्या सर्वांत खालच्या पावसाळी पातळीखाली गेला पाहिजे. दगडाखाली कापडाचा किंवा बारीक खडीचा गाळणीसारखा थर हवा, नाहीतर भरतीओहोटी फटींमधून मागची माती शोषून नेते आणि बंधारा वरून शाबूत दिसत असताना आतून पोकळ होतो. कामावरच्या अभियंत्याला तीन प्रश्न नक्की विचारा: टोक कुठे संपणार आणि तिथल्या जमिनीचं काय? होड्यांसाठी वाट कुठे ठेवली आहे? आणि दहा वर्षांनी दुरुस्तीचे पैसे कोण देणार? तिसऱ्या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही. मिळेपर्यंत विचारत राहा.

टेट्रापॉड दगडापेक्षा चांगले का?

चार पायांचे ते काँक्रीटचे ठोकळे एकमेकांत अडकतात आणि मधल्या पोकळ्यांत लाटेचा जोर जिरतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या गोल दगडापेक्षा ते जास्त टिकतात. एक गणित मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावं: लाटेची उंची दुप्पट झाली, तर जागेवर टिकायला दगडाचं वजन आठपट लागतं. दोनचार वर्षांत बंधारे विस्कटतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. मोठा दगड मिळाला नाही म्हणून लहान वापरला, आणि पहिल्याच मोठ्या वादळात तो गडगडला.

केरळात कोचीजवळच्या चेल्लानमला ७ किलोमीटरहून जास्त लांबीची टेट्रापॉडची भिंत झाली. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे ३४४ कोटी रुपये. भिंतीमागची गावं आता पावसाळ्यात पूर्वीपेक्षा निवांत झोपतात. पण किलोमीटरला जवळजवळ पन्नास कोटी पडले, हेही विसरता येत नाही. आणि पुळणीपुरतं बोलायचं तर टेट्रापॉडही भिंतच असते.

समुद्रातच काही घालून लाट आधीच फोडता येत नाही का?

येते, आणि जिथे शक्य असेल तिथे मला हाच मार्ग जास्त पटतो. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात बंदराच्या भिंती झाल्यावर शहरासमोरची पुळण नाहीशी झाली आणि अनेक वर्षं तिथे नुसते दगड होते. २०१८ च्या सुमारास राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराची पोलादी रीफ, म्हणजे लाट फोडणारा कृत्रिम खडक, बसवली, बंदरात गाळ म्हणून काढलेली वाळू किनाऱ्यावर टाकली, आणि पुळण परत आली. आपल्याजवळ मंगळुरूच्या दक्षिणेला उल्लाळला समुद्रात अशा रीफ घातल्या गेल्या. ओडिशात पेंठा गावासमोर जिओट्यूबचा, म्हणजे वाळू भरलेल्या जाड कापडी नळ्यांचा, सुमारे पाचशे मीटरचा बांध आहे.

पण तयार नकाशा आणून आपल्या वाडीसमोर बसवता येत नाही. लाटांची दिशा, तळाचा उतार, भरतीचा फरक, वाळू कुठून कुठे सरकते हे सगळं किमान एक पूर्ण वर्ष मोजावं लागतं. पुण्याला खडकवासल्यात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ पासूनची ही संस्था किनाऱ्याच्या प्रतिकृती करून असे आराखडे तपासते. आपल्या कामाचा आराखडा तिथे तपासून घेतला आहे का, हे विचारण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे. जिओट्यूबचं कापड उन्हाने आणि होडीच्या नांगराने फाटतं. मच्छीमारांना जागा दाखवल्याशिवाय ते घालू नये.

सुरूची झाडं लावली तर किनारा वाचेल का?

वारा अडतो, सावली मिळते, फोटो छान येतात. धूप थांबत नाही. सुरूची मुळं उथळ असतात. खालची वाळू सरकली की झाड उभंच्या उभं आडवं होतं. निसर्ग वादळात अलिबाग, दिवेआगर परिसरात हे सगळ्यांनी पाहिलं. दाट सुरूखाली दुसरं काही उगवत नाही आणि कासवांच्या जागाही झाकल्या जातात.

वाळू धरून ठेवायचं काम मर्यादवेल करते. तिचं नावच बघा. जांभळ्या फुलांची ही वेल आणि तिच्याबरोबरचं काटेरी गवत उडती वाळू अडवतात आणि हळूहळू उंचवटा तयार होतो. त्याच्या मागे केवडा, मग उंडी, मग माड. सुरू हवाच असेल तर या सगळ्याच्या मागे लावा. मर्यादवेल तुडवली नाही आणि तिच्यावरून गाड्या नेल्या नाहीत, तर ती लावायचीही गरज पडत नाही. दापोली तालुक्यात केळशीला भारजा नदीच्या मुखाशी वाळूची प्रचंड टेकडी आहे. वारा, वाळू आणि झाडोरा यांना वेळ दिला तर काय उभं राहतं ते तिथे जाऊन बघावं.

कांदळवन आहे, मग आम्हाला काळजी कसली?

कांदळवन खाडीच्या चिखलात वाढतं, उघड्या पुळणीवर नाही. त्यामुळे समुद्राच्या बाजूला कांदळवन लावा म्हणणारे चुकतात. खाडीच्या काठाला मात्र त्याच्यासारखा राखणदार नाही. शंभर मीटर रुंदीचा पट्टा लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतो, असं जगभरच्या मोजमापांतून दिसलं आहे. तफावत इतकी मोठी आहे, कारण झाडी किती दाट आहे आणि कोणती आहे यावर सगळं अवलंबून असतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवन तोडीवर राज्यभर बंदी घातली आणि भोवती ५० मीटरचा राखीव पट्टा ठरवला. महाराष्ट्राने २०१२ मध्ये कांदळवनासाठी वन विभागाचा वेगळा कक्ष केला, २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. भराव घालताना कुणी दिसलं तर तहसीलदाराकडे आणि कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार करा. तोंडी केलेली तक्रार कुठेच उरत नाही.

खारबंदिस्तीला खांड पडली. शेत परत मिळेल का?

खारबंदिस्ती म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध, आणि खांड म्हणजे त्याला पडलेलं भगदाड. ते लवकर बुजवलं तर शेत मिळेल. खांड प्रत्येक भरतीओहोटीला रुंद आणि खोल होत जाते, म्हणून पहिल्या चार-आठ दिवसांत थोडक्यात होणारं काम पुढच्या हंगामात आवाक्याबाहेर जातं. अलिबाग-पेणच्या खारेपाटात पूर्वी जोळ पद्धत होती. खांड पडली की ज्यांची शेतं त्या बांधामागे आहेत, त्या सगळ्यांनी फावडं-घमेलं घेऊन जायचं. १९४८ मध्ये आणि मग १९७९ मध्ये खारभूमीचे कायदे आले, बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली आणि जोळ मोडली. सरकारी निधी यायला वर्षं लागू लागली. शहापूर-धेरंडच्या बाजूला तर भाताच्या शेतांत कांदळवन उभं राहिलं, आणि आता ते तोडताही येत नाही. जोळ परत आणता आली पाहिजे, निदान पहिल्या आठवड्यापुरती तरी. त्या मजुरीचे पैसे रोजगार हमीतून मिळावेत ही मागणी रास्त आहे.

उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झडप दर वर्षी मे महिन्यात तपासा. आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर गेलं पाहिजे आणि भरतीचं आत येता कामा नये, एवढंच तिचं काम असतं. गोव्यात खाजन शेतीत हिलाच मानस म्हणतात आणि तिथेही दुखणं तेच आहे. खारं पाणी येऊन गेलेल्या शेतात लावायला पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल १, २ आणि ३ या भाताच्या जाती आहेत. पहिल्या एकदोन पावसांचं पाणी शेतात कोंडून सोडून द्या, मीठ उतरतं, मग लावणी करा.

आम्ही खाडीत आत राहतो. समुद्र लांब आहे. तरी पूर येतो, असं का?

डोंगरातलं पाणी आणि भरती एकाच वेळी समोरासमोर आली की नदीला बाहेर पडायला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात भरतीने मिठीचं तोंड अडलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेलं. गाळाने नद्यांचं पात्र उथळ झालं होतं, आणि तो काढावा म्हणून चिपळूणकरांना उपोषणाला बसावं लागलं. खाडीकाठच्या गावांनी पावसाचा इशारा आणि भरतीचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून वाचायची सवय लावली पाहिजे. मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी काढते. तशीच यादी खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असायला हवी.

पाणी येणार हे आधी कसं कळेल?

जुनं गणित आजही उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. सर्वांत मोठी उधाणाची भरती पौर्णिमेला किंवा अमावास्येला न येता बहुधा एकदोन दिवसांनी येते, म्हणून पौर्णिमा सरली की निर्धास्त होऊ नका. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती, तेव्हा जोर कमी.

वादळात हे गणित अपुरं पडतं. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी एक सेंटीमीटर चढतं, त्यावर वाऱ्याने रेटलेलं पाणी आणि त्यावर लाटा. हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचा इशारा देतं. दूरवरच्या वादळातून आलेल्या लाटांचाही देतं, आपल्याकडे आभाळ निरभ्र असतानाही. हवामान खातं चक्रीवादळाचा पहिला इशारा साधारण ७२ तास आधी, दुसरा ४८ आणि पक्का इशारा २४ तास आधी देतं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या वर घ्या. वस्ती हलवायचं ठरलं तर दिवसाउजेडी हलवा. रात्री वीज गेल्यावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन निवारा केंद्र शोधणं फार कठीण जातं.

विहिरीत खारं पाणी शिरलं तर?

पंप लावून विहीर एकदम कोरडी करू नका. किनाऱ्यावर गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. जोराने उपसलं की खालचं खारं वर येतं आणि विहीर कायमची बिघडू शकते. वरचा कचरा काढा, हळूहळू थोडं थोडं उपसा, मग पाणी शुद्ध करून घ्या आणि पाऊस पडू द्या. तोवर प्यायला टँकर मागा.

सीआरझेडमुळे (किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे) बंधारा अडतो, घर दुरुस्त करता येत नाही, हे खरं का?

अर्धंच खरं. धूप रोखण्याची कामं २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत परवानगी घेऊन करता येणाऱ्या कामांत आहेत. परवानगी लागते याचा अर्थ मनाई आहे असा नाही. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती जोत्याचं क्षेत्र आणि चटई क्षेत्र न वाढवता करता येते. वाळूचे उंचवटे, कांदळवन आणि कासवांच्या जागा मात्र सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत आणि तिथे हात लावता येत नाही. उंचवटे कापायला बंदी आहे ती आपल्याच घरांसाठी आहे, हे गावाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

अर्ज कुणाकडे करायचा?

ग्रामसभेचा ठराव, जागेचा नकाशा आणि तारखेसह फोटो जोडून पत्तन (बंदर) अभियंत्याच्या कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात द्या. प्रत महाराष्ट्र सागरी मंडळाला पाठवा. खारबंदिस्ती असेल तर खारभूमी विकास विभागाकडे. पोच घेतल्याशिवाय उठू नका. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याकरता १५०० कोटी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १००० कोटी सुचवले होते. आपल्या जिल्ह्याने त्यातून काय मागितलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

भरपाई मिळते का?

केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, पूर, त्सुनामी आहेत, किनाऱ्याची धूप नाही. महाराष्ट्राने मात्र समुद्राचं उधाण राज्य आपत्ती म्हणून घोषित केलं आहे. त्यामुळे पंचनाम्यात नुसतं ‘जमीन खचली’ असं लिहून घेऊ नका. उधाणाची तारीख आणि वेळ त्यात यायला हवी. २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १ लाख २० हजार रुपये होते. त्यात घर उभं राहत नाही हे कुणालाही कळतं, आणि धुपीने हळूहळू गिळलेल्या जमिनीला तर तेवढंही नाही. पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा शेतसारा माफ होतो, जमिनीचा मोबदला मिळत नाही. ही मोठी उणीव आहे आणि ती विधानसभेतच दूर होऊ शकते.

आम्हाला घरं सोडावी लागतील का?

काही वाड्यांना लागतील. ओडिशात केंद्रपाड्याच्या सातभायातली ५७१ कुटुंबं २०१८ मध्ये बागपतियाला हलवली गेली, तीही गावं समुद्रात गेल्यावर. केरळने ‘पुनर्गेहम्’ योजनेत किनाऱ्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांना जागा आणि घरासाठी मिळून १० लाख रुपये देऊ केले. दोन्हीकडे एकच अडचण आली: मच्छीमाराला होडीपासून लांब नेलं तर त्याचं घर राहतं आणि धंदा जातो. आपल्याकडे असं काही करायचं झालं, तर घर मागे आणि होडी, जाळी, वाळवण यांची सामाईक जागा पुढे, अशीच मांडणी हवी. त्याआधी मालकीचे कागद. कोळीवाड्यांत कित्येक घरांना स्वतःच्या नावचा उतारा नाही. स्वामित्व योजनेतून गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक आजच काढून ठेवा, कारण पाण्याने नेलेल्या घराची मोजणी करायला कुणी येत नाही.

सरकार येईपर्यंत आम्ही काय करावं?

मोजा. एक पक्की खूण निवडा, देवळाचा कोपरा किंवा विहिरीचा कठडा. तिथून पुळणीच्या काठापर्यंतचं अंतर टेपने मोजा. दर महिन्याला, अमावास्येनंतरच्या ओहोटीला, त्याच जागेवरून एक फोटो काढा. शाळेतली मुलं हे काम आनंदाने करतात. वहीत तारीख, तिथी, अंतर एवढंच लिहा. तीन वर्षांची अशी वही घेऊन गेलेल्या गावाशी अधिकारी वेगळ्या सुरात बोलतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि जोडीला एक करा: घराच्या जोत्यात भरायला पुळणीवरची वाळू उचलू नका, दुसऱ्याला उचलू देऊ नका, मग तो आपला भाऊबंद का असेना.